जिवाणू खत घेताना आणि लावताना काय बघायचं, सोयाबीनपासून ऊसापर्यंत

मे महिना लागला की एकच प्रश्न दहा जण विचारतात, "कल्चर (म्हणजे जिवाणू खत) कोणतं घेऊ?" आणि मी दरवेळी उलटं विचारतो की लावणार कशाला आणि ठेवणार कुठे. कारण बाटलीत किंवा पाकिटात जे असतं ते युरियासारखं मेलेलं खत नाही, ते जिवंत जिवाणू आहेत. ते पिकाच्या मुळापर्यंत जिवंत पोचले तर काम होणार, वाटेत मेले तर तुम्ही बियाण्याला नुसती काळी पावडर चोपडली एवढंच झालं. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. चार वर्षांखाली तालुक्याहून द्रवरूप रायझोबियमच्या (डाळवर्गीय पिकांच्या मुळावर गाठी करून हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूच्या) बाटल्या आणल्या, मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवल्या, वाटेत दोन कामं केली, गाडी दिवसभर उन्हात उभी. रात्री घरी आल्यावर बाटली हातात घेतली तर कोमट लागली. तरी लावलं, पेरलं, आणि चाळीस दिवसांनी झाडं खणून बघितली तर सोटमुळावर एक गाठ नाही. माल चांगला होता, शेजाऱ्यानं त्याच दुकानातून त्याच बॅचचा नेला होता आणि त्याच्या मुळांना गाठींचे घोसच्या घोस होते. तेव्हापासून मी बाजारात जाताना भाजी आणायची थर्माची पेटी सोबत नेतो, ओल्या फडक्यात बाटली गुंडाळून पेटीत, आणि सरळ घर.

आधी कोणत्या पिकाला काय लागतं ते बघू, कारण निम्मे पैसे इथेच वाया जातात.

डाळवर्गीय पिकांना रायझोबियम, हे सगळ्यांना माहीत आहे, पण रायझोबियम एकच नसतं हे दुकानात कुणी सांगत नाही. सोयाबीनचं वेगळं, त्याचं नाव ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम. हरभऱ्याचं वेगळं. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा एक गट, त्याला चवळी गट म्हणतात, आणि वाटाणा मसूर यांचा अजून वेगळा. तुरीचं पाकीट सोयाबीनला लावलं तर नुकसान होत नाही पण उपयोगही होत नाही, त्या जिवाणूला सोयाबीनचं मूळ आत घेतच नाही. म्हणून पाकिटावर "रायझोबियम" एवढंच वाचून थांबू नका, खाली पिकाचं नाव किंवा गट लिहिलेला असतो तो बघा, नसेल लिहिला तर ते पाकीट परत ठेवा.

सोयाबीनसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे कारण सोयाबीन आपल्याकडचं जुनं पीक नाही, त्याचे जिवाणू आपल्या जमिनीत मुळात नव्हते. तूर मूग आपल्या रानात पिढ्यानपिढ्या आहेत, त्यांचे जिवाणू मातीत थोडेफार सापडतातच. म्हणजे ज्या रानात पहिल्यांदा सोयाबीन करताय, समजा पडीक फोडलंय किंवा आधी कापूस ऊसच होता, तिथे कल्चर लावल्याशिवाय पेरूच नका. ज्या रानात दरवर्षी सोयाबीन आहे तिथे फरक एवढा ठळक दिसत नाही हे मी मान्य करतो, जुने जिवाणू असतातच. पण आपल्याकडचा उन्हाळा बघता, एप्रिल मे मध्ये नांगरून पडलेली काळी माती कशी तापते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात किती टिकले याचा भरवसा मी धरत नाही, आणि एकराचा खर्च बियाण्याच्या बॅगेपुढे काहीच नाही, म्हणून मी दरवर्षी लावतो.

ज्वारी, बाजरी, मका, गहू, कापूस, सूर्यफूल, भाजीपाला, यांच्या मुळावर गाठी होत नाहीत, यांना अॅझोटोबॅक्टर किंवा अॅझोस्पिरिलम. हे मुळाच्या आजूबाजूला राहून हवेतला नत्र धरतात. यांच्याकडून रायझोबियमएवढी अपेक्षा ठेवू नका, हेक्टरी वीस पंचवीस किलो नत्र धरला तरी खूप झालं, आणि तेही मातीत सेंद्रिय कर्ब असेल तर, कारण त्यांना खायला तेच लागतं. शेणखत नाही, काडीकचरा जाळून टाकलाय, आणि वरून अॅझोटोबॅक्टर ओतलं तर ते उपाशी मरतं. पाचट, सोयाबीनचं कुटार, तुराट्या, जे असेल ते रानात कुजवा, मग या बाटल्यांचा विचार करा.

पीएसबी म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, हे सगळ्या पिकांना चालतं आणि माझ्या मते आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत सगळ्यात कामाचं हेच. आपण डीएपी टाकतो, सुपर फॉस्फेट टाकतो, त्यातला बराचसा स्फुरद चुन्याशी जोडी करून घट्ट बसतो, मातीत असतो पण मुळाला मिळत नाही. हे जिवाणू आम्ल सोडतात आणि तो बसलेला स्फुरद मोकळा करतात. ते नवीन स्फुरद तयार करत नाहीत हे लक्षात घ्या, तुमच्याच मातीत अडकलेले पैसे काढून देतात.

पालाश (पोटॅश) मोकळा करणाऱ्या जिवाणूंची पण बाटली मिळते, केएमबी किंवा केएसबी नावानं. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुतेक ठिकाणी भरपूर असतो, म्हणून पैसे कमी असतील तर ही बाटली शेवटी घ्या. माती परीक्षणाचा कागद हातात असेल तर प्रश्नच मिटतो.

आता ट्रायकोडर्मा. हे खत नाही. ही बुरशी आहे, मर, मूळकूज, खोडकूज यांच्या बुरशीला खाणारी. किलोला ५ ग्रॅम लावतात आणि लावावीच, हरभऱ्याला तर नक्कीच, पण "ट्रायकोडर्मा लावलं म्हणजे कल्चर लावलं" असं समजू नका, दोन्हीचं काम वेगळं.

मायकोरायझाबद्दल एकच सांगतो, कारण ते महाग असतं. ही पण बुरशीच, मुळाच्या आत शिरते आणि बाहेर बारीक धागे पसरवून लांबचा स्फुरद, जस्त, पाणी ओढून आणते. मिरची, कांदा, हळद, डाळिंब, संत्रा यांना चांगली लागू पडते आणि रोपवाटिकेतच वापरली तर थोडक्यात भागतं. पण कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या कुळातल्या पिकांच्या मुळात ती जातच नाही. मी एका ओळखीच्याच्या कोबीच्या प्लॉटला दोन पाकिटं टाकलेली बघितली आणि फार वाईट वाटलं, विकणाऱ्यानं एकदा तरी पीक विचारायला पाहिजे होतं.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत, म्हणजे त्यांना ठरलेला दर्जा आहे. पावडरमध्ये ग्रॅमला कमीत कमी ५ कोटी जिवंत जिवाणू आणि द्रवरूपात मिलीला कमीत कमी १० कोटी. हा आकडा लेबलवर सीएफयू म्हणून लिहिलेला असतो. त्यासोबत जिवाणूचं पूर्ण नाव, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि अंतिम तारीख. पावडर साधारण सहा महिने, द्रवरूप वर्षभर. मी अंतिम तारखेपेक्षा तयार केल्याची तारीख आधी बघतो, जेवढं ताजं तेवढं बरं. नुसतं "ऑरगॅनिक", "बायो", "चमत्कारी वाढ" असं मोठ्या अक्षरात आणि जिवाणूचं नाव कुठेच नाही, अशी बाटली जिवाणू खत नव्हेच, त्यात ह्युमिक असेल, शेवाळाचा अर्क असेल, काहीही असेल. ती वाईटच असते असं नाही, पण कल्चर म्हणून घेऊ नका.

आणि दुकानात माल कुठे ठेवलाय ते बघा. पत्र्याच्या शेडखाली, वरच्या फळीवर, मे महिना, दुपारचं ऊन, तिथली बाटली कितीही ताजी असली तरी मी घेत नाही. तणनाशकाच्या खोक्यांसोबत ठेवलेली पण नाही. शक्य असेल तर कृषी विद्यापीठाची किंवा कृषी विज्ञान केंद्राची घ्या. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही विद्यापीठांचं या विषयात काम आहे, फक्त मृगाच्या तोंडावर गेलात तर माल संपलेला असतो, म्हणून मे मध्येच चौकशी करून ठेवा. बिल घ्या, बॅच नंबर बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर देवघरात नाही, पत्र्याच्या खोलीत नाही, माळवदाच्या घरात सगळ्यात थंड कोपरा असतो तिथे. आमच्याकडे जुना माठ आहे, त्याच्या भोवती वाळू ओली ठेवतो आणि आत बाटल्या. २५ ते ३० डिग्रीच्या आत राहिलं की पुरे.

आता मुख्य काम, सोयाबीनची बीजप्रक्रिया. ही मी सविस्तर सांगतो कारण चुका इथेच होतात.

पहिलं म्हणजे क्रम. रासायनिक बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक लावायचं असेल तर ते, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. बुरशीनाशक चार आठ दिवस आधी लावून बी सुकवून ठेवलं तर उत्तमच. दोन्ही एकाच वेळी एकाच टोपल्यात कालवायचं नाही, तांब्याचं बुरशीनाशक असेल तर अजिबातच नाही, जिवाणू तिथल्या तिथे मरतात. बॅगेतलं बी रंगीत असेल तर त्याला औषध आधीच लावलेलं आहे, परत लावू नका. अशा बियाण्याला मी कल्चर थोडं जास्त धरतो, म्हणजे एकराला तीन पाकिटांच्या जागी चार. आणि ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर रासायनिक बुरशीनाशक सोडूनच द्या, एक बुरशी मारायचं औषध आणि दुसरी जिवंत बुरशी एकाच दाण्यावर ठेवण्यात काय अर्थ आहे.

दुसरं, मात्रा. पावडर असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, एकराला ३० किलो बी धरलं तर तीन पाकिटं. द्रवरूप असेल तर १० किलोला साधारण १०० मिली, पण कंपनी कंपनीचा फरक असतो, लेबलवर जे लिहिलंय ते धरा.

तिसरं, आणि हे सगळ्यात नाजूक, सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं. जास्त पाणी लागलं की दोन मिनिटांत दाणा फुगतो, सालटं सुरकुततं, मग हातानं चोळलं की निघून येतं आणि तो दाणा उगवतच नाही. लोक म्हणतात कल्चर लावल्यानं उगवण कमी झाली, तर ती कल्चरनं नाही, पाण्यानं आणि चोळण्यानं झाली. पावडरसाठी एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून घ्या, पूर्ण थंड होऊ द्या, बोट बुडवून बघा, कोमट असेल तरी थांबा. मग त्यातलं लागेल तेवढंच पाणी घेऊन पावडर कालवा, सगळं लिटर ओतायचं नाही, पिठल्यासारखं दाट झालं की बास. बी ताडपत्रीवर सावलीत पसरा, वरून हे शिंपडा आणि दोघांनी ताडपत्रीची चार टोकं धरून बी इकडून तिकडे लोळवा. हातानं रगडायचं नाही. दहा बारा वेळा लोळवलं की प्रत्येक दाण्यावर काळपट थर बसतो. द्रवरूपाला गूळ लागत नाही, पाणी पण घालू नका, तसंच शिंपडून लोळवा.

रायझोबियम, पीएसबी, केएमबी तिन्ही १०० मिली प्रमाणे लावले तर १० किलो सोयाबीनला ३०० मिली ओलावा होतो आणि दाणा ओला होतो. म्हणून मी सोयाबीनला बियाण्यावर फक्त रायझोबियम लावतो आणि पीएसबी मातीतून देतो, एकराला २ किलो पावडर किंवा १ लिटर द्रवरूप, चाळलेल्या ओलसर शेणखतात कालवून, एक रात्र सावलीत गोणपाटाखाली झाकून, पेरणीच्या आधी संध्याकाळी फेकून. ज्वारी गहू यांना ही अडचण नाही, त्यांचं टरफल टणक, अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी दोन्ही एकत्र लावा.

लावल्यावर अर्धा पाऊण तास सावलीत सुकवा, हाताला चिकटणं बंद झालं की पेरायला घ्या. आणि त्याच दिवशी पेरा, तीन चार तासांत पेरता आलं तर फारच छान. म्हणून आदल्या रात्री सगळं बी लावून ठेवायचं नाही, जेवढं दोन तासात पेरणार तेवढंच लावा. ट्रॅक्टरवाला येतो म्हणून आलाच नाही असं प्रत्येकाच्या बाबतीत होतं, तो बांधावर दिसल्याशिवाय बाटली फोडू नका. चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती) आल्याशिवाय पेरायचं नाही हे तर आहेच, कोरड्या तापलेल्या मातीत पडलेलं कल्चर बियाण्याच्या आधी मरतं.

अजून एक, कल्चर लावलेलं बी आणि डीएपी एकत्र कालवून एकाच चाड्यातून सोडू नका. काही लोक मजुरी वाचवायला करतात. खताच्या तिखटपणात जिवाणू जगत नाहीत आणि कोंबालाही धक्का बसतो. खत वेगळ्या नळीतून, बियाण्याच्या खाली आणि बाजूला.

पेरताना चार तासं, म्हणजे चार ओळी, कल्चर न लावता पेरून ठेवा, आणि ती सगळ्यात आधी पेरा, कारण एकदा पेटीत कल्चर लावलेलं बी पडलं की पेटीला लागलेलं कल्चर साध्या बियाण्यालाही लागतं. तिथे खुणेला काठी रोवा. यामुळे कुणाचं ऐकायची गरज राहत नाही, तुमचं रानच सांगतं.

आता पस्तीस चाळीस दिवसांनी, फुलं लागायच्या सुमारास, खुरपं किंवा कुदळ घेऊन जा. झाड उपटायचं नाही, उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात. बाजूनं खणून मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत बुडवून माती सुटू द्या. मग बघा. सोटमुळावर, बुंध्याच्या खाली जवळजवळ गाठी असतील तर त्या तुमच्या कल्चरच्या. लांब बारीक मुळांवर तुरळक असतील तर त्या बहुतेक मातीतल्या जुन्या जिवाणूंच्या. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी, लालसर दिसली की ती काम करतेय, आपल्या रक्तासारखाच लोहाचा लाल पदार्थ त्यात असतो. पांढरी असेल तर अजून तयार नाही, हिरवी किंवा तपकिरी असेल तर संपली. आणि नखानं गाठ सुटतच नाही, मूळच फुगलंय असं दिसलं तर ती गाठ रायझोबियमची नाही, सूत्रकृमीची आहे, तो वेगळा रोग.

गाठी चांगल्या असतील तर कृपा करून युरिया टाकू नका. मला माहीत आहे, जुलैत सोयाबीन पिवळं पडतं आणि जीव राहत नाही. पण आधी पान बघा, शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या रानात पाणी साचलं की हमखास, तिथे युरियानं काही होत नाही. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्राचा विचार करा. फुकटचा युरिया मिळायला लागला की झाड गाठींना साखर द्यायचं बंद करतं आणि गाठी पोसत नाहीत. पाणी साचणं हा गाठींचा सगळ्यात मोठा शत्रू, त्यांना श्वासाला हवा लागते, म्हणून भारी रानात रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफनं पेरा, नाहीतर निदान दर चार सहा ओळींनंतर एक चर काढा.

ऊसवाल्यांसाठी थोडक्यात. ऊसाला अॅसिटोबॅक्टर, हा नत्र धरणारा जिवाणू ऊसाच्या पेऱ्यांच्या आतच राहतो, एवढ्या साखरेत जगणारे जिवाणू फार थोडे. तो ब्राझीलमध्ये १९८८ च्या सुमारास सापडला, आणि आता पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आणि बऱ्याच कारखान्यांवर मिळतो. हेक्टरच्या बेण्याला १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी, टिपऱ्या (लावणीचे ऊसाचे तुकडे) त्यात अर्धा तास बुडवायच्या. बुरशीनाशक कीटकनाशकाची बुडवण आधी, ती निथळून सुकली की मग ही. शिफारशीत नत्र निम्म्यानं आणि स्फुरद पाव हिश्शानं वाचतो असं सांगतात, पण पहिल्याच वर्षी युरिया निम्मा करू नका, पाव हिस्सा कमी करून बघा, रान साथ देतंय असं दिसलं तर पुढच्या वर्षी अजून कमी करा.

कोकणात भाताला अॅझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) आणि निळं हिरवं शेवाळ, पाणी साठून राहतं तिथेच. लावणीच्या वेळी रोपांची मुळं अॅझोस्पिरिलमच्या पाण्यात बुडवून घेतली तरी चालतं, टोमॅटो मिरचीच्या रोपांनाही हीच पद्धत.

ठिबकमधून द्रवरूप सोडणारे आता बरेच आहेत, एकराला लिटरभर. सोडायच्या आधी टाकीतलं पाणी बघा, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) साफ करायला आम्ल किंवा क्लोरिन सोडलं असेल तर आठवडाभर थांबा. विरघळणाऱ्या खतासोबत एकाच टाकीत मिसळू नका, आणि संध्याकाळीच सोडा, रान ओलं असताना.

सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात हरभरा करणार असाल तर सोयाबीनचं उरलेलं पाकीट वापरायचा मोह होतो, चालत नाही, हरभऱ्याचं पाकीट वेगळंच आणावं लागतं आणि ऑक्टोबरमध्ये गर्दी होते. दसऱ्याच्या आत सांगून ठेवा. उरलेलं सोयाबीनचं पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवू नका, शेणखताच्या ढिगावर टाका आणि वरून पाणी मारा.